काकांच्या फ्लेक्सवरची नात

मी गाव सोडलं त्या सकाळी एसटी स्टँडवर प्रभाकरकाकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून इतकी लांब प्रार्थना केली, की शेवटी कंडक्टर खाली उतरला आणि म्हणाला, "अहो दादा, पोरगी मुंबईला पोचेपर्यंत आमेन म्हणता का नाही?" सगळे हसले. आई हसली नाही. ती माझ्या बॅगेच्या तुटक्या चेनला सेफ्टी पिना लावत बसली होती. वडील मी लहान असतानाच गेले. काका त्यांचे धाकटे भाऊ. नर्सिंगच्या ॲडमिशनला मला लुनावर बसवून नगरला नेलं ते काकांनी. माझ्यासाठी स्थळ बघितलं ते काकांनी. लहानपणी मला वाटायचं, देव बोलला तर असाच बोलेल, जरा घोगरा, घाई नसलेला.

आई सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आया होती. कुणाची पिशवी साफ करायची असली की ती सिस्टरला सांगून त्या खोलीतून बाहेर यायची. "पोटातलं लेकरू आहे, मला नाही बघवत," म्हणायची. पण त्याच बाईला नंतर चहा नेऊन द्यायला, तिच्या चादरी बदलायला तिनं कधी नाही म्हटलं नाही. बस हलली तेव्हा खिडकीतून तिनं एवढंच सांगितलं, "तिकडं कुणाला शहाणपण शिकवू नको. पेशंट रडत असली तर आधी पाणी दे."

आई आता नाही. हे मी लिहितेय ते मिशन कंपाउंडात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारखे निघून दुबई, मस्कत, दोहाला येऊन पडलेल्यांसाठी. काहींना राग येईल. येऊ दे. मला शिसारी आलीय, आणि ती गिळून गिळून माझं पोट बिघडलंय.

आम्ही दुबईत अल कुसैसला राहतो. सुनील, माझा नवरा, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एका पॅकेजिंग फॅक्टरीत क्वालिटीला आहे. तो पहाटे कंपनीच्या बसनं जातो. मी ऊद मेथाला एका क्लिनिकमध्ये नर्स आहे. गरोदर बायका, सोनोग्राफी, रिपोर्ट, फॉलोअप. आमची रिया इथंच जन्मली. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि आमचं भांडण दोन्ही भाषांत होतं.

शनिवारी संध्याकाळी रणभिसे अंकलच्या फ्लॅटवर मराठी प्रार्थनागट भरतो. सुरुवातीला मला तो जीव की प्राण होता. तीच गीतं, त्याच चाली, शेवटी पोहे आणि चहा. मग व्हॉट्सॲप आलं, आणि त्यातून अमेरिकेतल्या प्रवचनांचे व्हिडिओ. ज्या देशात आमच्यातल्या एकालाही मत नाही, त्या देशाच्या निवडणुकीत खऱ्या ख्रिस्ती माणसानं कुणाला मत द्यावं, यावर आमच्याकडे तासभर चर्चा व्हायची. उमेदवार खोटं बोलतो का, बायकांशी कसा वागतो, गरिबाचं काय करतो, काही विचारायचं नाही. गर्भपाताच्या विरोधात आहे ना? खलास. आपला माणूस.

गैरसमज नको म्हणून सांगते. मी स्वतः गर्भपाताच्या विरोधात आहे. आजही. रोज त्या स्क्रीनवर तांदळाएवढं काळीज धडधडताना बघते, आणि ते नुसतं मांस आहे असं मला कुणी कितीही समजावलं तरी पटत नाही. म्हणून तर त्या चर्चांत सुरुवातीला मीसुद्धा माना डोलवल्या.

प्रभाकरकाका तिकडे गावी चर्चच्या पंच कमिटीचे प्रमुख झाले होते आणि नगरपालिकेच्या निवडणुकीची तयारी करत होते. आमच्या गटाचे व्हिडिओ त्यांच्याकडे जायचे, त्यांची भाषणं आमच्याकडे यायची. "गर्भातल्या मुक्या जिवाचा आवाज" असं ते स्वतःच्या नावाखाली लिहू लागले. मला अभिमान वाटायचा.

मे महिन्यात त्यांचा मुलगा डेव्हिड आणि सून प्राची व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले. प्राचीला चौथा महिना सरत आला होता. थोरली मुलगी चार वर्षांची, तिला आजीकडे ठेवून आले होते. मला वाटलं, दुसरं बाळ यायच्या आधी जरा फिरून घेतायत. मी रजा काढली, त्यांना क्रीकवर बोटीत बसवलं, सगळं दाखवलं. डेव्हिडचं लक्ष कशातच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "ताई, तुझ्याच क्लिनिकमध्ये हिची एक सोनोग्राफी करून टाकू. तुझ्या ओळखीनं."

"गावी केली असशील ना?"

"केली. पण इकडची मशिनं भारी. आणि इकडं सांगतात ना, मुलगा का मुलगी? लीगल आहे ना इकडं?"

मी प्राचीकडे बघितलं. ती भाताची शितं एका बाजूला गोळा करत होती. मी म्हटलं, "माझ्या ओळखीनं यातलं काही होणार नाही." डेव्हिड हसला, "बरं बाबा," म्हणाला. आणि गुरुवारी मी ड्युटीवर असताना तो तिला दुसऱ्याच एका सेंटरला घेऊन गेला. तिथल्या बिचाऱ्या फिलिपिनो मुलीला काय ठाऊक? ती रोज सगळ्यांना सांगते तसंच तिनं हसून सांगितलं, "काँग्रॅट्स मम्मी, इट्स अ प्रिन्सेस!" हे मला प्राचीनंच संध्याकाळी सांगितलं, ओट्याशी उभी राहून, कोथिंबीर निवडता निवडता. बाहेर गॅलरीत डेव्हिड काकांशी फोनवर बोलत होता. दार लावलेलं होतं.

"तिकिटं बदलतायत," ती म्हणाली. "सोमवारचं बघतायत. ह्यांच्या पप्पांच्या ओळखीचा कुणी डॉक्टर आहे औरंगाबादला."

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी गॅस बंद केला.

"तुला काय पाहिजे, प्राची?"

तिनं कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही, ताई. मला ती पाहिजे. रात्रीपासून हलतेय."

मी बेडरूममध्ये जाऊन काकांना फोन लावला. त्यांनी नेहमीसारखं "जय ख्रिस्त, पोरी" म्हटलं. मी सरळ विचारलं. पलीकडून तोच घोगरा, घाई नसलेला आवाज. "मी काही करा असं म्हटलेलं नाही, एस्तेर. मी म्हटलं, तुम्ही दोघं विचार करा. एक मुलगी आहेच. डेव्हिडच्या नोकरीचं हे असं. मी फक्त प्रार्थना करतोय."

"काका, तुम्ही मागच्या रविवारी काय बोललात? मी अख्खं ऐकलंय."

"ते तत्त्व झालं. हे घर आहे. तू मधे पडू नको."

फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, परत धुतलं. खोटं बोलणारी माणसं मी पाहिलीत. चोर पाहिलेत. पण ज्या तोंडानं त्या जिवाचं नाव घेऊन मतं मागायची, त्याच तोंडानं "विचार करा" म्हणून बाजूला व्हायचं, आणि वर प्रार्थना. हे मी माझ्याच घरात पाहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवणाऱ्या माणसात.

शनिवार आला. रणभिसे अंकलनी काकांना झूमवर बोलावलं होतं, विषय आधीच ठरलेला, "अजन्म्या बाळाचा हक्क आणि आपलं मत". मी म्हटलं, मी येणार नाही. प्राची म्हणाली, "आपण जाऊ या, ताई." तिचा चेहरा इतका शांत होता की मी चपला घातल्या.

अंकलच्या हॉलमध्ये टीव्हीवर काकांचा चेहरा एवढा मोठा दिसत होता. पंधरावीस माणसं, मांडीवर पोरं, कोपऱ्यात चहाचा थर्मास. काका सुंदर बोलले. आईच्या उदरात देव माणसाला कसा विणतो, याचं असं वर्णन केलं की एकदोघींनी डोळे पुसले. मग म्हणाले, यंदा आपल्या प्रभागात मत देताना एवढं एकच बघा. सगळे आमेन म्हणाले. डेव्हिडही म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

नंतर अंकलनी नेहमीसारखं विचारलं, कुणाची काही प्रार्थना-विनंती? कुणी व्हिसासाठी, कुणी गुडघ्यासाठी सांगितलं. आणि प्राची उठून उभी राहिली. टीव्हीकडे तोंड करून म्हणाली, "पप्पा, परवा सोनोग्राफीत कळलं, माझ्या पोटात मुलगी आहे. तुम्ही आत्ता एवढं छान बोललात. तिच्यासाठी तुम्हीच प्रार्थना करा. ती सुखरूप जन्मू दे म्हणून. सगळ्यांसमोर करा."

हॉलमध्ये कुणालाच त्यातली खोच कळली नाही. बायका "अय्या, अभिनंदन!" म्हणाल्या. रणभिसे काकू तिला मिठी मारायला उठल्या. टीव्हीवर काकांचा चेहरा तसाच थांबला होता. मला वाटलं, नेटच गेलं. मग त्यांनी डोळे मिटले. सुरुवातीला आवाज अडखळला. पण मी तुम्हाला सांगते, तिसऱ्या चौथ्या वाक्यापर्यंत त्यांना सूर सापडला, आणि शेवटाला तर ते गर्जत होते. त्या मुलीला त्यांनी आशीर्वाद दिला, तिच्या दीर्घायुष्याची हमी घेतली, तिला साऱ्या मंडळीची लेक म्हटलं. रणभिसे अंकल सगळं रेकॉर्ड करत होते. डेव्हिड उठून लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला.

घरी आल्यावर प्राची म्हणाली, "ताई, भूक लागलीय." मी अंडी फोडली. ती तीन चपात्या जेवली.

"हे सुचलं कसं तुला?" मी विचारलं.

"सुचलं वगैरे नाही. ते एवढं छान बोलत होते. म्हटलं, बघू या खरं आहे का."

सोमवारची तिकिटं कुणी काढली नाहीत. ती दोघं ठरल्या दिवशीच परत गेली. मला वाटलं, एवढ्यावर हे संपलं, काकांना निदान लाज वाटली असेल.

कसली लाज! महिन्याभरात ती प्रार्थनेची क्लिप मला चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आली. खाली लिहिलेलं, "नातीला जन्माआधीच स्वीकारणारे आजोबा". कुणीतरी मागं पियानो लावला होता. प्राचीचं बोलणं कापून टाकलं होतं. नुसते काका, मिटलेले डोळे आणि गर्जना.

ऑक्टोबरमध्ये प्राची माहेरी, जालन्याला बाळंत झाली. मुलगी, गुटगुटीत. थोड्याच दिवसांत निवडणूक जाहीर झाली आणि काकांचा फोन आला. "बाप्तिस्मा मतदानाच्या आदल्या रविवारी ठेवलाय. तुम्ही या. परदेशातल्या लोकांना मत द्यायचं तर स्वतः यावं लागतं, म्हणून तसाच मुहूर्त धरला. यादीत नावं आहेतच, तुझं आणि सुनीलचं, दोन मतं होतील." सुनीलला सुट्टी मिळाली नाही. मी एकटी गेले, पासपोर्ट पर्समध्ये घेऊन.

कंपाउंडच्या फाटकावरच फ्लेक्स होता. काका पांढऱ्या शर्टात, आणि त्यांच्या हातावर झालर लावलेल्या फ्रॉकमध्ये ती. भोकाड पसरलेलं, मूठ वळलेली. खाली अक्षरं: "जन्माआधीपासून तिच्या पाठीशी. जीवनाचा सन्मान, प्रभागाचा अभिमान." रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, उतरा ना." मी उतरले, बॅग खाली ठेवली आणि फाटकाचा गज धरून उभी राहिले.

प्राचीला विचारलं तर म्हणाली, "फोटो काढायला घेऊन गेले, म्हणाले चर्चला लागतो."

तिचं डेव्हिडशी कामापुरतं बोलणं चालू होतं. काकांना ती वेळेवर चहा द्यायची, ताट वाढायची, आणि बाळ त्यांच्या हातात असलं की त्यांच्या हातांकडे बघत उभी राहायची.

बाप्तिस्म्याला अख्खा प्रभाग जेवला. पत्रावळीशेजारी काकांच्या चिन्हाची पत्रकं ठेवली होती. काकांच्या प्रचारातल्या पोरांकडून तिथंच मी दुसऱ्या उमेदवाराबद्दल ऐकलं. सुलभाताई म्हणून पाण्याच्या टाकीमागं राहणाऱ्या एक आशा सेविका अपक्ष उभ्या होत्या. "ती पोरींचे गर्भपात करवते," पोरं सांगत होती. "अशा बाईला मत द्यायचं का? तुम्ही नर्स आहात, तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी मी सुलभाताईंकडे गेले. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. पन्नाशीच्या, पायांना भेगा, दारात सायकल. मी कोण ते सांगितलं तरी त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं.

"खरं आहे का?" मी विचारलं.

"एकीला नेलं होतं," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षांची. घरातल्याच माणसानं केलेलं. तुमच्याच कंपाउंडातली, पण नाव नाही सांगणार. आधी मी तुमच्या काकांकडे गेले होते. म्हटलं, तुम्ही वजनदार माणूस, पोलीस स्टेशनला सोबत चला. ते म्हणाले, समाजाची बदनामी होईल, मिटवून टाका. मग मीच गेले. तक्रार केली, सिव्हिलला नेलं. डॉक्टर म्हणाले, हिच्या जिवाला झेपणार नाही. पोरगी माझा पदर सोडत नव्हती."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"ताई, मला दोन दिवस अन्न गेलं नाही. पण आता विचारलंत तर परत नेईन."

मी बाहेर पडले आणि टाकीच्या सावलीत थांबले. इथं मला जे वाटलं ते स्पष्ट लिहिते, कारण लोक आता माझ्या नावानं काहीही सांगतायत. ते बाळ होतं. मी ते आजही म्हणते. त्या पोरीला मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. माझ्या श्रद्धेत त्याचं सोपं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि ज्यांना सापडलंय त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. पण एका माणसाला त्या बाळाचं आणि त्या पोरीचं दोघांचंही काही पडलेलं नव्हतं. त्याला फक्त बदनामीचं पडलं होतं. तोच माणूस फ्लेक्सवर होता.

मी मत दिलं. सुलभाताईंना.

संध्याकाळी काका ओसरीत बसून कार्यकर्त्यांकडून घरोघरची मतं विचारत होते. पोरं बाहेर गेली तसे माझ्याकडे वळले. "आपल्या घरची सगळी पडली ना?"

"माझं नाही पडलं, काका. मी सुलभाताईंना दिलं."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग चेहरा बदलला. "गर्भपात करवणाऱ्या बाईला? तू? विश्वासणारी असून?"

"त्या पोरीसाठी तुम्ही पोलीस स्टेशनला गेला नाहीत. आणि मे महिन्यात प्राचीच्या वेळी..."

"हळू बोल," ते म्हणाले. "बाहेर पोरं आहेत."

एवढंच. मी काय बोलतेय याचं त्यांना काही नव्हतं, कुणाला ऐकू जाईल एवढीच काळजी. मग ते उठले, चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "पुढच्या वेळी आलीस की उतरायचं दुसरीकडे बघ."

काका निवडून आले. दणदणीत. गुलाल उधळत मिरवणूक कंपाउंडात आली आणि पोरं ओरडू लागली, लकी नातीला आणा, जीपमध्ये बसवू. प्राची दारात उभी राहिली. "झोपलीय," म्हणाली. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. तिनं तरीही, त्या सगळ्यांच्या तोंडावर, परत सांगितलं, "झोपलीय ती." कुणी आत गेलं नाही.

इकडं परत आल्यावर रणभिसे अंकलचा मेसेज होता, "सिस्टर, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय." तो शब्द वाचूनसुद्धा मला आता कसंतरी होतं. मी ग्रुप सोडला. रविवारी मी चर्चला जाते, मागच्या बाकावर बसते, आणि देवाशी माझं जे काही आहे ते हळू आवाजात बोलते. मी कुणाला मत दिलं ते ऐकून रियानं विचारलं, "सो मम्मा, आर यू प्रो-लाइफ ऑर नॉट?" मी म्हटलं, आहे, गर्भपाताच्या विरोधातच आहे. "देन व्हाय हर?" मी तिला सुलभाताईंचं सांगितलं, नाव न घेता त्या मुलीचंही. तिनं हातातला फोन पालथा ठेवला. "दॅट्स नॉट इझी," म्हणाली. गटात इतकी वर्षं बसून हे वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं.

क्लिनिकमधल्या मुली विचारतात, सिस्टर, यंदा गावी कधी? मी इन्शाल्ला म्हणून टाकते. कंपाउंडात आता मला उतरायला जागा नाही, आणि खरं सांगायचं तर त्या फाटकातून आत जायला माझे पाय धजणार नाहीत. इथं तर व्हिसा संपेपर्यंतचीच वस्ती, हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण अधूनमधून दुपारी, घरात कुणी नसलं की प्राचीचा व्हिडिओ कॉल येतो. ती काही विशेष बोलत नाही. मोबाइल डब्याला टेकवून ठेवते आणि धाकटीला तेल लावत बसते. थोरली मधेच येऊन कॅमेऱ्यासमोर जीभ काढते. मी इकडं भाजी चिरते. मग बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज येतो, प्राची म्हणते, "आले वाटतं, ठेवते ताई," आणि स्क्रीन काळी होते. तेवढा वेळ मी घरी असते.